सहा पूर्णांक दोन

मोठ्या मशीनचा कॉलम मार्चपासून संपलेला,
बिल भोपाळात कुठल्या तरी टेबलावर.
म्हणून मी जेलच लावत होते, जुन्या पद्धतीनं,
हातानं, श्वास धरून.
खाली एम. वाय.च्या फाटकाशी टेम्पोंचा कालवा,
डब्यात सकाळचे पोहे, वरची शेव मऊ पडलेली.

नमुना दोनशे अकरा. सिमरत, वय नऊ.
थंडी पडली की मांड्या, पाठ, बरगड्या धरून रडते.
आई थावरी, अलीराजपूरकडची.
बाप गुरमेज, देवास नाक्यावर ट्रक लावतो.
जुना रिपोर्ट घडीवर चिरलेला :
सिकल. दोन्हीकडून.
त्यालाच टाचलेली दुसरी चिठ्ठी :
बापाची सिकल तपासणी, निगेटिव्ह.

दोन कागदांवर एका घरानं हिशेब मांडला होता.
दोन्हीकडून आलंय,
बापाकडे तर नाही,
मग...
पुढचं कुणी मोठ्यानं बोललं नाही म्हणे.
फक्त थावरीचं ताट उशिरा वाढलं जाऊ लागलं,
आणि पोरीचं नाक दादाजींवर गेलंय
असं कुणी म्हणेनासं झालं.

हे थावरीनं नाही सांगितलं.
गुरमेजनं सांगितलं, बाकावर बसून, बुटांकडे बघत.
"मॅडम, लिखा तो यही है ना?"
हो, लिहिलंय तेच.
खालची सही माझी होती.

आता नीट सांगते, कारण तेव्हा सांगितलं नव्हतं.
अल्कलीच्या जेलवर रक्त धावतं
आपापल्या भारानं.
सिकलच्या माळेत सहाव्या घरातला मणी हरवतो.
डी म्हणून दुसरी एक असते, पंजाबकडे जास्त,
तिचा हरवतो एकशे एकविसाव्या घरात.
घरं लांब लांब, पण मणी तोच.
जेवढं एकीनं गमावलं तेवढंच दुसरीनं,
म्हणून दोघी एका चालीनं चालतात
आणि एकाच जागी येऊन थांबतात,
एकीवर एक. एक जाड रेघ.
मी रेघ बघितली.
मागे कोण उभं आहे, वाकून नाही बघितलं.

खांबेटे सर म्हणाले, आम्लात लावून बघा.
सहा पूर्णांक दोन.
फ्रिजच्या खालच्या कप्प्यात एक डबा होता,
तारखेला आठ दिवस उरलेले.
तिघांचं रक्त शेजारी शेजारी ठेवलं
आणि पाऊण तास
मी घड्याळाकडे बघून राहिले, इंदुरी मराठीत सांगायचं तर.

पोरीची रेघ फुटली.
एक सिकलच्या जागी राहिली,
दुसरी निरोगी रक्ताच्या ओळीत जाऊन बसली, साळसूद.
बापाकडे तीच साळसूद.
एकटी असताना ती काहीच करत नाही,
काचेखाली त्याच्या पेशी गोलच्या गोल,
रात्रभर ठेवल्या तरी वाकल्या नाहीत.
चिठ्ठी खोटी नव्हती.
खोटा होता माझा एक शब्द : दोन्हीकडून
सिकल नव्हे. एकीकडून सिकल, एकीकडून डी.

गुरमेजला समजावलं दोनदा.
तिसऱ्यांदा त्यानंच विचारलं,
"मतलब, आधा दर्द मेरा दिया हुआ है?"
मी मान हलवली.
तो हसला. देवा शप्पथ, हसला तो,
मग हसलो म्हणून ओशाळला,
पोरीच्या डोक्यावर हात ठेवला
आणि तिथंच राहू दिला.

थावरीनं नवा कागद वाचायला घेतला नाही.
त्यात तिला नवीन असं काय होतं?
मी जुना परत मागितला, फाडून टाकावा म्हणून.
तिनं पदराआड सरकवला.
"रहने दो," म्हणाली,
"सास को दोनों दिखाने हैं."

माफी मागायची होती.
मी म्हटलं, फॉलिकची गोळी रोज,
थंडीत अंगभर कपडे, पाणी भरपूर.
सिमरत पाय हलवत होती,
बाटली अर्धीच प्यायलेली.
संपव, म्हटलं. माझ्यासमोर संपव.